नुंगंबाक्कममधले बिऱ्हाड

बदलीचा हुकूम बहुधा चार-पाच ओळींचा असतो. त्यात नाव असते, हुद्दा असतो, नवे ठिकाण असते आणि जुन्या जागेवरून मोकळे होण्याची तारीख असते. त्या ओळींच्या पोटात एक अख्खा संसार दडलेला असतो, याची दखल हुकुमाने घ्यावी अशी अपेक्षा कोणी करीत नाही. केंद्र सरकारच्या १९७९ च्या नियमांप्रमाणे हजार किलोमीटरहून दूर बदली झालेल्या कर्मचाऱ्याला नव्या जागी रुजू होण्यासाठी बारा दिवसांची मुदत मिळते. मुंबई ते चेन्नई हे रेल्वेचे अंतर सुमारे १,२८० किलोमीटरचे; तेव्हा या प्रवासाला बारा दिवसच लागू पडतात. बारा दिवसांत भांडीकुंडी बांधता येतात, शाळेचे दाखले काढता येतात, शेजाऱ्यांचा निरोप घेता येतो. परंतु सामान पोहोचले म्हणजे घर पोहोचले असे होत नाही. घर पोहोचायला वर्ष जाते, आणि त्या वर्षात काय काय वाट्याला येणार याची थोडी कल्पना असली, तर ते वर्ष बरेच हलके होते.

चेन्नईला बदलून येणाऱ्या मराठी कुटुंबापैकी पुष्कळांची गाठ प्रथम नुंगंबाक्कम या भागाशी पडते. हॅडोज रोडवरचे शास्त्री भवन, महात्मा गांधी मार्गावरचे आयकर भवन, कॉलेज रोडवरचे प्रादेशिक हवामान केंद्र, अशी केंद्र सरकारची कार्यालये येथे एकमेकांच्या हाकेच्या टप्प्यात आहेत. एकेकाळी हे निव्वळ खेडे होते. १७०८ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात जी पाच गावे आली, त्यांत नुंगंबाक्कम हे एक. आज ते शहराच्या मध्यभागी आहे. एग्मोरहून तांबरमकडे जाणाऱ्या उपनगरी गाडीने निघाले, की चेटपेटनंतरचे स्थानक तेच.

या भागाचे आणि घड्याळाचे नाते जुने आहे, आणि नव्या माणसाला पहिला फरक जाणवतो तोही घड्याळाचाच. १७९२ साली कंपनीने नुंगंबाक्कमला वेधशाळा बांधली. तिच्या दुर्बिणीचा आधार असलेला ग्रॅनाइटचा खांब, त्यावरच्या अनेक भाषांतील लेखासह, हवामान केंद्राच्या आवारात अजून उभा आहे. येथल्या आकाशावरून ठरलेली ‘मद्रास वेळ’ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातल्या रेल्वेची वेळ झाली. १८७१ मध्ये मुंबईकडून आलेली लोहमार्गाची फाटी आणि मद्रासकडून आलेली फाटी रायचूरला एकमेकींस मिळाली. तेव्हापासून मुंबईचा माणूस गाडीत बसला, की त्याचे घड्याळ आणि गाडीचे घड्याळ यांत सुमारे अर्ध्या तासाचे अंतर पडे. १९०६ साली सर्व देशासाठी एक प्रमाणवेळ आली. मुंबईने आपली स्थानिक वेळ मात्र १९५५ पर्यंत सोडली नाही. आता घड्याळे एक झाली आहेत, पण सूर्य प्रमाणवेळ मानीत नाही. चेन्नई पूर्वेकडे असल्यामुळे तेथे मुंबईपेक्षा सुमारे अर्धा तास आधी उजाडते. पहाटे दारापुढे सडा घालून कोलम रेखणाऱ्या बायका, सहाच्या आत मिळणारी कॉफी आणि लवकर भरणाऱ्या शाळा यांचा अर्थ त्यावरून लागतो. मुंबईच्या सवयीने साडेसातला उठणारे कुटुंब येथे पहिले काही दिवस सगळीकडे उशिराच पोहोचते. दिवस आधी सुरू होतो आणि आधी मावळतो, एवढे ध्यानी घेतले की निम्मी धावपळ मिटते.

दुसरा प्रश्न जागेचा. सरकारी निवासस्थान मिळेपर्यंत भाड्याच्या घरात राहावे लागते, आणि तेथे पहिला धक्का अनामत रकमेचा बसतो. चेन्नईत दहा महिन्यांचे भाडे आगाऊ घेण्याची पद्धत जुनी आहे. घरमालक व भाडेकरू यांच्या हक्कांविषयीचा राज्याचा कायदा २०१७ साली झाला आणि २०१९ पासून अमलात आला. वेगळा करार नसेल, तर तीन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेऊ नये, असे तो सांगतो. ‘वेगळा करार नसेल तर’ या शब्दांत सारे मर्म आहे. करारात रक्कम मान्य केली, की तक्रारीचे बळ गेले. म्हणून करार लेखी असावा, त्याची नोंद झालेली असावी, आणि रंगरंगोटीच्या नावाने अनामतीतून किती रक्कम कापली जाईल हेही त्यात आधीच लिहून घ्यावे. घर सोडताना होणारे वाद बहुतेक याच कलमावरून होतात.

घर कोणत्या महिन्यात शोधावे, हेही पाहण्यासारखे आहे. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत तमिळ आडि महिना असतो आणि डिसेंबरच्या मध्यापासून मार्गळि. या दोन्ही महिन्यांत श्रद्धाळू कुटुंबे घर बदलीत नाहीत. बदलीच्या माणसाला मुहूर्त पाहण्याची मुभा नसते. पण घरमालकाने किल्ली देण्यास चार दिवस मागितले, तर त्यामागे आडमुठेपणा नसून पंचांग असू शकते, हे जाणलेले बरे. नव्या घरात पाऊल टाकल्यावर दूध उतू जाऊ देण्याची रीत मात्र तेथेही आहे आणि येथेही आहे. घरमालकीण दारात उभी असताना नव्या गृहिणीने चुलीवर दुधाचे भांडे ठेवले, तर भाषांतराची गरज उरत नाही.

जागा पाहताना भिंतींआधी जमीन पाहावी. नुंगंबाक्कमच्या पश्चिमेला एकेकाळी लांबच लांब तलाव पसरलेला होता. १९२० च्या दशकात त्या तलावाच्या मांबलमकडील पात्रावर त्यागरायनगर वसले. १९७६ साली उघडलेले वळ्ळुवर कोट्टम हेही तळ्याच्याच जागेवर उभे आहे. तळे गेले, पण ‘लेक एरिया’ आणि ‘टँक बंड रोड’ ही नावे राहिली. पाण्याला जुनी वाट आठवते, असे म्हणतात. मुसळधार पावसात त्याचा प्रत्यय येतो. म्हणून तळमजल्याची जागा घेण्यापूर्वी २०१५ च्या डिसेंबरात आणि २०२३ च्या डिसेंबरातील मिचौंग वादळात त्या गल्लीत पाणी कुठवर चढले होते, हे शेजाऱ्यांना विचारावे. हा प्रश्न तेथे कोणालाही विचित्र वाटत नाही.

पावसाचे वेळापत्रकच मुळी उलटे आहे. महाराष्ट्रात जूनमध्ये छत्र्या निघतात, तेव्हा चेन्नईकर उन्हाने हैराण झालेले असतात. मेच्या सुमारास तेथे ‘अग्निनक्षत्रम्’ म्हणून ओळखला जाणारा कडक उन्हाचा काळ येतो. ३१ मे २००३ रोजी नुंगंबाक्कमच्या वेधशाळेने ४५ अंश सेल्सियसची नोंद केली आहे. शहराचा वार्षिक पाऊस सुमारे १,४०० मिलिमीटर. त्यातला निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. दिवाळीला आकाशकंदील भिजतो, हा अनुभव मराठी माणसाला नवा असतो. शाळांना पावसाची सुटी येथे नोव्हेंबरात मिळते. वादळाची सूचना आली, की चार दिवसांचे दूध-पीठ, मेणबत्त्या आणि पिण्याचे पाणी घरात असावे. डिसेंबर २०१६ च्या वर्धा वादळात शहरातले हजारो वृक्ष उन्मळून पडले आणि अनेक भागांत वीज कित्येक दिवस आली नव्हती.

ज्या शहरात एवढे पाणी कोसळते, तेथेच २०१९ च्या उन्हाळ्यात पूंडी, चोळावरम, रेडहिल्स आणि चेंबरंबाक्कम हे चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडले, आणि लोक रात्रंदिवस टँकरची वाट पाहू लागले. घर पाहताना नळ किती वेळ येतो, तळटाकी किती मोठी आहे, विहीर किंवा कूपनलिकेचे पाणी गोडे आहे की मचूळ, हे तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत. पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याची व्यवस्था २००३ पासून प्रत्येक इमारतीला सक्तीची आहे. ती कागदावर आहे की गच्चीवर, हे डोळ्यांनी पाहावे.

या पाण्यात महाराष्ट्राचाही वाटा आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. १९७६ साली महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश या तिन्ही राज्यांनी आपापल्या हिश्श्यातून प्रत्येकी पाच अब्ज घनफूट कृष्णाजल या शहराला देण्याचे मान्य केले. पुढे १९८३ मध्ये तेलुगू गंगा प्रकल्पाचा करार झाला, आणि १९९६ साली ते पाणी प्रथम कालव्याने पूंडीच्या जलाशयाकडे आले. महाबळेश्वरी उगम पावलेली नदी श्रीशैलमवरून, सोमशिला आणि कंडलेरू ओलांडून चेन्नईच्या नळाला येते. वाई-कऱ्हाडकडच्या कुटुंबाने नव्या घरात पहिला हंडा भरताना हे आठवले, तर गाव तितकेसे परके राहत नाही.

परकेपणाचे खरे घर भाषेत असते. कचेरीत इंग्रजीवर भागते. म्हणून बदली झालेल्या माणसाला भाषेची अडचण फारशी भासत नाही. ती भासते घरी राहणाऱ्याला. भाजीवाली, दूधवाला, गॅसचा सिलिंडर आणणारा मुलगा, शेजारच्या आजीबाई यांच्याशी ज्या व्यक्तीला दिवसभर व्यवहार करावा लागतो, तिच्यासाठी पहिले तीन महिने मुकेपणाचे असतात. बदलीने मोडणारे संसार मोडतात ते बहुधा या मुकेपणात. आणि ज्याच्या नावाने हुकूम निघाला त्याला ते सर्वांत शेवटी कळते. तेव्हा भाषा शिकण्याचा पहिला हक्क आणि पहिली सवड घरी राहणाऱ्याला मिळावी. साध्या बसमध्ये स्त्रियांना २०२१ पासून तिकीट पडत नाही. शहर पायाखाली घालण्यासाठी त्या सवलतीसारखा गुरू नाही.

तमिळ भाषा मराठी माणसाला वाटते तितकी दूरची नाही. हिंदीभाषकाला जो ‘ळ’ उच्चारता येत नाही, तो मराठी जिभेवर आधीच असतो. थोरल्या भावाला अण्णा आणि थोरल्या बहिणीला अक्का दोन्हीकडे म्हणतात. भाजीवालीला ‘अक्का’ म्हणून हाक मारली, की अर्धे काम होते. क्रियापदाला शेवटी ‘ंग’ जोडला की आदर होतो: ‘वा’ म्हणजे ये, ‘वांग’ म्हणजे या. एवढा एक प्रत्यय विसरला, तर वयाने मोठ्या माणसाला अरेतुरे केल्यासारखे होते. म्हणून शंका आली की आदराचेच रूप वापरावे. आणि निरोप घेताना मराठी माणूस जसा ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो, तसाच तमिळ माणूस ‘पोयिट्टु वरेन’, म्हणजे ‘जाऊन येतो’, असे म्हणतो. नुसते ‘जातो’ म्हणणे दोन्ही घरांत अशुभ मानतात.

लिपीचे मात्र कष्ट आहेत. क, ख, ग, घ या चारही ध्वनींना तमिळमध्ये एकच अक्षर. ‘गांधी’ आणि ‘कांती’ हे शब्द तेथे सारखेच लिहिले जातात. वाचणाऱ्याने संदर्भाने ओळखावे. नुंगंबाक्कमच्या मुख्य रस्त्याची तमिळ पाटी, ‘उत्तमर गांधी सालै’, हाच या धड्याचा पहिला नमुना. रोज एक पाटी वाचण्याचा नेम ठेवला, तर दोन महिन्यांत बसचे फलक वाचता येतात.

मुलांच्या शाळेचा विचार घराच्याही आधी करावा. बदली होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी १९६३ पासून केंद्रीय विद्यालये चालू आहेत, आणि चेन्नईत ती अनेक आहेत. तेथे अभ्यासक्रम तुटत नाही. राज्याच्या मंडळाच्या शाळांतील गोष्ट वेगळी. तेथे २००६ च्या कायद्याने तमिळ टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली, आणि सरकारी शाळांत १९६८ पासून तमिळ व इंग्रजी ही दोनच भाषांची पद्धत आहे. नववी-दहावीत आलेल्या परप्रांतीय मुलाला कोणती सवलत मिळू शकते, हे प्रवेशापूर्वी शाळेत लेखी विचारून घ्यावे. परीक्षेच्या वर्षी विचारून उपयोग नसतो. धाकट्या मुलांची काळजी नसावी. ती सहा महिन्यांत अंगणात तमिळ बोलू लागतात आणि आईची दुभाषी होतात.

काळजी असते ती वेगळीच. मूल तमिळ आणि इंग्रजी शिकते, मराठी घरात बोलते, परंतु शाळेत हिंदी किंवा संस्कृत नसेल, तर देवनागरी त्याच्या डोळ्यांसमोर येतच नाही. कानाला मराठी राहते आणि डोळ्यांची मराठी जाते. पुढे आजोबांचे पत्र त्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते. हे टाळण्यास मोठा खटाटोप नको. दिवसाकाठी मराठी पुस्तकाचे एक पान मोठ्याने वाचून घेणे पुरते. पण ते पान पहिल्या महिन्यापासून हवे.

या गोष्टीचे उदाहरण त्याच भूमीत आहे. व्यंकोजीराजांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले आणि १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांचे राज्य होते. त्यांच्याबरोबर गेलेली कुटुंबे तमिळ देशातच राहिली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव हे १८२८ साली कुंभकोणमला जन्मलेले, याच समाजातले. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास मराठीत आहे. त्यांचे वंशज आज चेन्नईतही राहतात, घरात जुन्या वळणाची मराठी बोलतात. पण त्यांतल्या पुष्कळांना देवनागरी वाचता येत नाही, आणि तो शिलालेख त्यांच्यासाठी नुसता दगड ठरतो. साडेतीनशे वर्षे बोली टिकवणे ही सामान्य गोष्ट नव्हे. तरीही जे हरवले, ते कसे हरवले हे नव्याने येणाऱ्याने पाहून ठेवावे.

याच मंडळींनी तेथे दिलेही पुष्कळ. तंजावर कृष्ण भागवतर यांनी मराठी कीर्तनाच्या घाटावर तमिळ हरिकथा घडवली. साकी, दिंडी, ओवी ही वृत्ते त्या हरिकथेत शिरली. चेन्नईच्या भजनमंडळांत आणि मैफलींच्या शेवटी आजही तुकाराम-नामदेवांचे अभंग गायले जातात. बदलीबरोबर आलेल्या वृद्ध आईवडिलांना घरात कोंडल्यासारखे होते. त्यांना एकदा जवळच्या भजनाला नेऊन बसवावे. शब्द तमिळ जिभेचे असतात, पण विठ्ठल ओळखू येतो. शहरात महाराष्ट्र मंडळ आहे, गणेशोत्सवही होतो. तेथे जावे, परंतु सगळा वेळ तेथेच घालवू नये. आपल्याच माणसांत रमलेल्या कुटुंबाला तीन वर्षांनी चेन्नई सोडताना शेजाऱ्याचे नावही ठाऊक नसते.

स्वयंपाकघराची फार धास्ती नको. ज्वारीच्या भाकरीचे पीठ शोधावे लागते, हे खरे. पण पोहे ‘अवल’ या नावाने प्रत्येक वाण्याकडे मिळतात, शेवग्याच्या शेंगा ‘मुरुंगक्काय’ म्हणून हव्या तितक्या मिळतात, आणि साबुदाण्याचे तर हे माहेरच आहे. महाराष्ट्रातल्या उपवासाचा साबुदाणा मोठ्या प्रमाणावर तमिळनाडूच्या सेलम भागातून येतो; तेथे त्याला ‘जव्वरिसि’ म्हणतात आणि त्याची खीर सणाच्या पानात वाढतात. उपवासाचा पदार्थ सणाला पाहून एखादी मराठी आजी चकित होते खरी. सणांचेही असेच आहे. संक्रांतीला पोंगल उकळतो, नवरात्रात बाहुल्यांचा गोलू मांडून हळदीकुंकवाला बोलावतात, नरकचतुर्दशीला पहाटे तेल लावून स्नान करतात. मोदक तेथे कोळुक्कट्टै होतो. गुढी मात्र बहुधा एकट्यालाच उभारावी लागते. त्याच दिवशी शेजारच्या तेलुगू घरात उगादी असते, तेथे एक वाटी श्रीखंड पाठवावे.

कागदपत्रांची कामे कंटाळवाणी असली, तरी मुदतीत करावीत. दुसऱ्या राज्यातले वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायचे असेल, तर त्याची नव्याने नोंदणी करावी लागते. वारंवार बदली होणाऱ्यांसाठी २०२१ पासून ‘भारत’ मालिकेचा क्रमांक मिळतो, त्याचा विचार गाडी घेतानाच करावा. विजेचे बिल तेथे दोन महिन्यांनी येते, त्यामुळे पहिला आकडा पाहून घाबरू नये. मतदारयादीतील नाव नव्या पत्त्यावर आणावे; ज्या गावाचे पाणी प्यायचे, त्या गावाच्या कारभारात मतही असावे.

नव्या गावात बस्तान बसले हे कशावरून ओळखावे, याची खूण साधी आहे. पहिल्या वर्षी कुटुंब सुटीत महाराष्ट्रात जाते, तेव्हा ‘घरी जातो’ असे म्हणते. दुसऱ्या वर्षी परतीच्या गाडीत अर्कोणम मागे पडल्यावर मुलांपैकी कोणीतरी ‘आता घर आले’ असे म्हणून जाते, आणि मोठ्यांना क्षणभर काय बोलावे ते सुचत नाही. बहुधा त्याच सुमारास पुढच्या बदलीचे वारे वाहू लागतात. शेजारच्या पाटीबाई निरोपाला येतात, डब्यात मुरुक्कू बांधून देतात आणि मुले त्यांना शुद्ध तमिळमध्ये सांगतात, की आम्ही जाऊन येतो.